तूदाच्या मापाची बंदूक

शर्गी वाऱ्याचा तिसरा दिवस होता. वाळवंटाकडून निघालेला हा वारा डोंगर ओलांडून खाली उतरला की मेंढ्या चरायचं सोडून एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसतात आणि माणसं मिठावरूनही भांडतात. बा मीमून उजाडायच्या आत उठला, विहिरीतून चार बादल्या ओढल्या. दोन दुकानाच्या मातीच्या जमिनीवर शिंपडल्या, दोन अक्रोडाच्या फळ्यांवर टाकलेल्या गोणपाटावर ओतल्या. या वाऱ्यात लाकूड आकसतं. आज खोबण कोरली तर वारा पडल्यावर ती तोंड आवळते आणि बंदुकीची नळी काही केल्या बसत नाही. शर्गी असेपर्यंत रंध्याला हात लावायचा नाही, हा त्याच्या बापाचा नियम. बापाचे बाकीचे बरेच नियम मीमूनने मोडले होते. हा एक पाळला होता.

तो कानस घेऊन स्क्रू घासत बसला. अंगणात त्याची बायको इज्जा जवाच्या रोट्या थापत होती.

"साऱ्या टोळीच्या बंदुका सरळ करतोस," ती तिथूनच म्हणाली, "आन् माझ्या भट्टीचं झाकण सालभर एका बिजागरीवर लोंबतंय."

"झाकण पळून जातंय का कुठं?"

"झाकण न्हाई, मीच जाईन एक दिवस."

"जाशील तवा रोट्या झाकून जा."

त्याच्या डोक्यामागच्या भिंतीवर पंधरा खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एकेक लोकरीची दोरी. टोळीच्या रांगेतल्या पंधरा घोडेस्वारांची ती मापं. एक गाठ कोपराची, एक मनगटाची, एक खांद्यापासून हनुवटीपर्यंतची. जत्रेत हे पंधराजण एका रांगेत घोडे फेकतात, तंबूंसमोर येताच रिकिबीत उभे राहतात आणि ठासणीच्या लांब बंदुका आभाळाकडे करून एकदम बार काढतात. नळीत गोळी नसते, नुसती दारू. पण पंधरा बारांचा आवाज एकच आला पाहिजे. एकाचा बार मागं राहिला तर त्या स्वाराने खाली उतरायचं आणि घोड्याचा लगाम धरून साऱ्या तंबूंसमोरून पायी जायचं. काही पुरुष त्यानंतर जत्रेचं तोंड बघत नाहीत.

पंधराही बंदुका मीमूनच्या हातच्या. कुणाची कशी वाजते हे तो पाठ फिरवून सांगायचा. पण तो स्वतः कधी रांगेत बसला नव्हता. लोहाराने बंदूक करायची, घोड्यावर चढायचं नाही, असं टोळीचं होतं. जत्रेत त्याची जागा शेवटच्या तंबूच्या मागे, पाणक्यांच्या शेजारी. चाळीस वर्षं तो तिथे बसून कानानेच जत्रा बघत होता. एकदा कुठल्याशा अंमलदाराने बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर चांदी ठोकून उद्याच्या उद्या बंदूक हवी म्हणून शिपाई पाठवला होता. मीमूनने त्याच्या हाती चांदी परत दिली आणि म्हणाला, "साहेबाला सांग, उद्या माझी कानस झोपायची हाय." त्याबद्दल तीन आठवडे दुकान बंद राहिलं. त्याने तीन आठवडे शेळ्या राखल्या, पण बंदूक केली नाही.

ऊन वर आलं तेव्हा दारात तूदा उभी राहिली. बासूची मुलगी. चाळिशीची, बुटकी, रुंद मनगटांची, पायात पुरुषी बूट. बासू रांगेच्या डाव्या टोकाला तीस वर्षं बसला आणि गेल्या हिवाळ्यात वारला. त्याला मुलगा नव्हता. मुलगा नसलेला स्वार मेला की त्याच्या बंदुकीचा दस्ता करवतीने कापतात आणि नळी घरात ठेवतात. तो दस्ता मीमूननेच कापला होता. तूदाने खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवून उलगडलं. आत नळी होती, तेल लावून लखलखीत ठेवलेली.

"बा, हिला दस्ता पाहिजे," ती म्हणाली. "माझ्या मापाचा."

मीमूनने कानस खाली ठेवली. "हद्दूला विचारलंस?"

हद्दू म्हणजे रांगेचा मुकादम. रांगेच्या मधोमध त्याचा घोडा, आणि त्याच्या आरोळीवर बार.

"विचारलं. साऱ्या तंबूत बसले होते, त्यांच्या देखत विचारलं. हसला. म्हणाला, बापाची नळी बोटभरही न कापता आण, आन् जत्रेच्या आदल्या दिवशी चौदा नळ्यांच्या तोंडाशी तुझ्या नळीचं तोंड जुळू दे. मंग बस टोकाला."

"तुझी उंची बघून बोलला."

"माझी उंची त्याला दिसली. मी रानटी घोडे वठणीवर आणते ते न्हाई दिसलं. तो बसतो तो घोडासुद्धा मीच माणसाळवलाय."

आतून इज्जा पिठाचे हात घेऊन दारापाशी आली होती. ती तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली.

मीमूनने तूदाला अंगणातल्या लाकडी घोडीवर बसवलं. तिच्यावर खोगीर होतं, खाली रिकिबी होत्या. मापं तिथेच घेतली जात. तूदा रिकिबीत उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी नळी वर धरली. दहा मोजेपर्यंत ठीक होतं. मग नळीचं तोंड थरथरू लागलं.

"ठेव खाली."

"न्हाई. अजून धरते."

"पोरी, तुझा दम न्हाई कमी पडत. वजन पुढं पळतंय. ते मागं आणायचं काम माझं."

त्याने नवी दोरी काढली आणि गाठी मारल्या. मग भिंतीवरची बासूची दोरी उतरवून शेजारी धरली. मुलीची दोरी चार बोटं आखूड भरली. त्याने बासूची दोरी तूदाच्या हातात दिली आणि रिकाम्या खिळ्यावर तिची टांगली.

"वारा पडला की सुरू करतो," तो म्हणाला.

वारा पडायच्या आधी हद्दू आला. मीमूनने चहा ठेवला. पुदिना शर्गीने करपलेला होता, तरी घातला. हद्दूने घोट घेतला, भिंतीकडे पाहिलं आणि टोकाच्या खिळ्यावरची ताजी लोकर त्याच्या नजरेतून सुटली नाही.

"बा मीमून, मस्करीत बोललेलं तुला कळत न्हाई व्हय?"

"मस्करी तू केलीस. गिऱ्हाईक माझ्याकडं खरंच आलं."

"तू कारागीर माणूस. बंदूक करायची. घोड्यावर कोण चढणार, ते ठरवणं तुझं काम न्हाई."

"मी कुठं ठरवतोय? मी दस्ता करतोय. ठरवलंस तू, तंबूभर लोकांच्या देखत. आता शब्द गिळायचा असेल तर चहासंगट गिळ, पुदिना हाय त्यात."

हद्दूने पेला खाली ठेवला. "शहरात एक मिस्त्री हाय. यंत्रावर काम करतो. दोन दिवसांत सगळ्या बंदुका साफ करून देतो म्हणाला. तू तिची केलीस तर आमच्या चौदा तिकडं जातील. आन् परत इथं येणार न्हाईत."

चौदा बंदुका म्हणजे मीमूनचं सारं वर्ष. इज्जाचा हात भट्टीपाशी थांबल्याचं त्याला न बघताही कळलं. त्याने उठून भिंतीवरच्या चौदा दोऱ्या एकेक करून उतरवल्या, नीट जुडी बांधली आणि हद्दूच्या मांडीवर ठेवली.

"घेऊन जा. त्या मिस्त्र्याला मापं लागतील. तुझी सगळ्यात वरती हाय. मनगटाच्या गाठीकडं बघ म्हणावं, तुझं मनगट डावीकडं कलतं."

हद्दूला वाटलं होतं म्हातारा गयावया करेल. त्याने जुडी अंगरख्याला मागे शिवलेल्या टोपीत कोंबली आणि तो निघून गेला.

इज्जाने अर्धा प्यालेला चहा मातीत ओतला. "हिवाळ्यात काय खायचं?"

"सलगम."

"मला सलगम आवडत न्हाई."

"मलाबी न्हाई. पण हद्दूला चहा पाजून मिळवलेल्या भाकरीपेक्षा बरं."

"मंग दस्ता असा कर," इज्जा झाकण सावरत म्हणाली, "की बघणाऱ्याची मान मोडावी."

दोन दिवसांनी वारा पडला. मीमूनने बुंध्याजवळचं लाकूड निवडलं. पुढचा भाग इतका पातळ तासला की उन्हाकडे धरला तर कडा तांबूस दिसावी. मागे दस्त्याच्या पोटात पोकळी कोरून तिच्यात शिसं ओतलं, पाव मुठीएवढं, मग आणखी थोडं. रोज तूदा यायची, लाकडी घोडीवर उभी राहायची, आणि तो दस्ता पुन्हा उघडून शिशाचा एखादा तुकडा काढायचा किंवा घालायचा. चाप आणि त्याची कमान त्याने स्वतःच्या बंदुकीची काढून लावली. ती बंदूक त्याने विशीत स्वतःसाठी केली होती, आणि ती चाळीस वर्षं माळ्यावर पडून होती. तूदाने विचारलं तेव्हा म्हणाला, "तिथं उंदरांना तिचा काय उपयोग."

शेवटच्या दिवशी तूदा शंभर मोजेपर्यंत उभी राहिली. नळीच्या तोंडावर ठेवलेला जवाचा दाणा पडला नाही. पहिला बार रीतीप्रमाणे मीमूनने काढला. तो कान देऊन ऐकत राहिला. "बापासारखी न्हाई वाजत," तो म्हणाला. "हिचा आवाज हिचाच हाय."

जत्रेच्या आदल्या दिवशी मैदानात दोरी ताणून नळ्यांची तोंडं पाहिली. तूदाने दस्ता जिथे टेकवायचा तिथे टेकवला आणि पंधरावं तोंड दोरीला लागलं. म्हाताऱ्यांनी दोनदा वाकून पाहिलं. हद्दूच्या तोंडचा शब्द तंबूभर लोकांनी ऐकलेला होता.

दुसऱ्या दिवशी मीमून पाणक्यांच्या शेजारी बसला. रांग निघाली. आधी दुडकी, मग भरधाव. जमीन मांडीखाली हलली. हद्दूची आरोळी, आणि बार.

धडाड. आणि डोळ्याची पापणी लवावी इतक्या फरकाने, मागून एक 'ठप'.

तंबूंमधून शिट्ट्या उठल्या. धूर विरायच्या आत हद्दूने बंदुकीचं टोक डावीकडे केलं. "तूदा, उतर."

"माझा न्हाई," तूदा म्हणाली. ती रिकिबीतून हलली नाही.

"पोरीचाच असणार," कुणीतरी ओरडलं. "घरी जाऊन ताक घुसळ म्हणावं."

मीमून उठला. पाणक्याने त्याचा अंगरखा धरला, "बा, कुठं? आपल्याला तिथं जायचं नसतं." मीमूनने अंगरखा सोडवून घेतला. मैदानाच्या कडेची दोरी ओलांडून तो आत आला आणि घोड्यांच्या तोंडासमोरून, घाई न करता, चालत गेला. लोहार मैदानात चालतोय हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तेव्हा शिट्ट्या आपोआप थांबल्या.

"कुणी उतरू नका," तो म्हणाला. "या पंधरा मीच केल्यात. कुठला आवाज कुणाचा हे मला पुसा."

त्याने फेट्याचं पांढरं टोक सोडलं. नळीच्या मागच्या अंगाला जिथे चाप ओढताच पेटणारी दारूची टोपी बसते, तिथे बारीक छिद्र असतं. त्यातून आग आत जाते. तूदाच्या बंदुकीच्या त्या छिद्रावर त्याने कापड दाबलं आणि वर धरलं. राखाडी, कोरडा डाग. मग तो मधोमध आला आणि हद्दूच्या बंदुकीवर कापड दाबलं. काळा, चिकट, बोटभर पसरलेला डाग. पहिल्या तंबूतल्या म्हाताऱ्यांना तो बसल्या जागेवरून दिसला.

"यंत्रवाल्यानं छिद्रात ग्रीस भरलंय," मीमून म्हणाला. "गंजू नये म्हणून. बाकीच्यांनी ते सुईनं काढून टाकलंय, यानं तसंच ठेवलंय. ठेवणीतल्या बंदुकीला चालतं. ग्रीसमधून आग रांगत जाते."

हद्दू दातांवर दात दाबून बसला होता. मीमून त्याच्या रिकिबीजवळ गेला आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, "लोकांना मी आत्ता सांगितलं. आपला बार मागं राहिला हे तुझ्या मनगटाला आधीच कळलं होतं. तरी तू तिच्याकडं बोट केलंस."

घोड्याने मान झटकली. ज्या घोड्यावर हद्दू बसला होता तो तूदाने माणसाळवलेला, आणि तो तिच्याकडेच बघत होता. हद्दू उतरला. लगाम धरून साऱ्या तंबूंसमोरून पायी निघाला. कुणी शिट्टी वाजवली नाही. मुकादम पायी जाताना आजवर कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

चार पावलं जाऊन तो थांबला. "दोऱ्या परत आणू का?" त्याने मागे न बघता विचारलं.

"आण. पण तूदाच्या खिळ्याला हात लावायचा न्हाई."

दुसरी फेरी चौदा जणांनी काढली. आरोळी सगळ्यात वयस्क स्वाराने दिली. मीमून शेवटच्या तंबूमागे गेला नाही. दोरीच्या आतच, धुळीत उभा राहिला, आणि त्याला जा म्हणायला कुणी पुढे आलं नाही. चौदा बार निघाले. त्याने कान दिला. एकच आवाज होता, आणि त्याच्या डाव्या कडेला त्याला ती ओळखू आली.

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. इज्जाने फक्त भट्टीकडे बोट केलं.

"आता तरी."

मीमूनने फेट्याचं काळं टोक खोचलं, कानस आणि दोन जुने स्क्रू घेतले आणि भट्टीपुढे उकिडवा बसला. बिजागरी गंजून घट्ट झाली होती.

"तेल दे थोडं."

"ग्रीस चालंल का?" इज्जाने विचारलं.

"झाकणाला चालंल," तो म्हणाला, आणि पहिला स्क्रू पिळू लागला.