खुंटीवरचा शर्ट

प्रताप नगरातल्या आमच्या फोटोग्राफीच्या वर्गात गरीब माणूस फोटोत कधी एकटा दिसायचा नाही. त्याच्या डोक्यावर जाहिरातीचा फलक लागायचा. वॉटर पार्कच्या फलकाखालून एखादी बाई हंडे घेऊन जाईल म्हणून आमचे सर दोन तास रस्त्यापलीकडे उभे होते. ती आली, तेव्हा हंड्याला हात लावावा असं त्यांना सुचलं नाही. फ्रेम बिघडली असती. याला ते उपरोध म्हणत, आणि म्हणताना डोळे मिटत.

मी वर्गात बोलत नसे. पण शाबासकी मलाही हवी होती. म्हणून एका रविवारी मी बाबांचा फोटो काढला.

बाबा बुटीबोरीच्या कापड कारखान्यात सुपरवायझर आहेत. रविवारी हौसेने आजोबांच्या हातमागावर बसतात. बसण्याआधी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावतात, कारण बाहीचं बटण ताणलेल्या धाग्यांत अडकलं की धागा तुटतो. अंगात जुनं, भोकं पडलेलं बनियान. मागे साड्यांच्या दुकानाचं कॅलेंडर, त्यावर शालूतली नवरी. तिच्या शेजारी खुंटी.

"नवरी वर कोपऱ्यात, बनियानची भोकं खाली मधोमध. क्या बात है!" सर म्हणाले. "फक्त तो शर्ट काप. सगळी गोष्ट बिघडवतोय."

मी कापला. स्क्रीनवर एक बोट सरकवलं आणि बाबा कंगाल झाले.

तो फोटो वर्गाच्या प्रदर्शनात लागला, पण मी घरी सांगितलं नव्हतं. आईला पेपरात दिसलं. बाबा आले, नेमका तोच शर्ट घालून. फोटोपुढे लोक कागदी ताटल्यांत समोसे घेऊन हळहळत होते. बाबा पुढे झाले तशी एक बाई त्यांनाच म्हणाली, "जरा सरकता का? विणकर दिसत नाहीये."

बाबा सरकले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "काहून वं, माहा शर्ट कुठी गेला?"

सरांनी ऐकलं. "तुझे बाबा आहेत हे?"

बाबांचं हे गावाकडचं बोलणं मैत्रिणींच्या कानावर पडू नये म्हणून शाळेत असताना मी त्यांना कायम फाटकाबाहेर थांबवलं होतं. आताही नाही म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हणाले.

"वा! काका, फोटोशेजारी उभे राहा ना. आणि शर्ट काढता का जरा? आत बनियान असेलच."

बाबा हसले. "मागावर काढतो जी. लोकाइपुढं नाही काढत."

सर फोटोसाठी काढलेलं कॅमेऱ्याचं झाकण हातात धरूनच उभे होते. मी फोटो खिळ्यावरून उतरवला.

"अगं, भिंत रिकामी दिसेल!"

फोटो मोठा होता आणि दाराच्या वाटेत ती मघाचीच बाई समोसा खात उभी होती.

"जरा सरकता का?" मी तिला म्हटलं.