शहागंजचा पट्टा आणि हिऱ्यातली भिंगरी

पडद्यावरची रेघ आडवी झाली आणि माझ्या नातीचं तोंड उतरलं. बाहेरगावाहून आलेले परीक्षक खुर्चीत मागं टेकले. म्हणाले, "तुमची भिंगरी काही ऐकत नाही."

इतकी वर्षं नात विद्यापीठातल्या त्या खोलीत राबली होती. आज भिंगरी हुकमानं उलटवून दाखवली नाही, तर तिची पीएचडी पुढं ढकलली जाणार होती.

मी यंत्राच्या टेबलाला लागून, स्टुलावर बसले होते. मांडीवर डबा. आमच्या घरात परीक्षेला निघताना हातावर दही-साखर घेतल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. ही घाईत तशीच निघाली, म्हणून मी रिक्षानं मागोमाग आले. झाकण काढायच्या आत परीक्षक आले आणि मी बसले तिथंच राहिले.

माझी शाळा चौथीपर्यंत. तिनं मला सांगितलं होतं ते असं. डाळीच्या दाण्याएवढ्या हिऱ्यात एका जागी कार्बनचा अणू नाही आणि शेजारी नायट्रोजनचा एक अणू येऊन बसलाय. तिथले इलेक्ट्रॉन भिंगरीसारखे वागतात. खरं फिरत काही नाही, पण तू भिंगरी समज, म्हणाली. हिरवा उजेड टाकला की ती जागा लाल चमकते. बरोबर सुराची लहर सोडली की भिंगरी उलटते, लाल मंद होतो. पडद्यावरची रेघ त्याप्रमाणं वर-खाली होते.

गुडघा आखडला म्हणून मी उठून दाराशी गेले. रेघ नाचायला लागली. परत बसले. रेघ आडवी.

नात माझ्याकडं वळली. "आजी, ऊठ."

"आत्ताच बसले की."

"ऊठ गं. आता बस. गुडघ्याला काय बांधलंयस?"

"पट्टा. चुंबकाचा. शहागंजच्या बाजारात घेतलेला. गुण काही नाय, पण विकणारा लई गोड बोलला."

ती हसत सुटली. "सर, भिंगरी बिघडली नाही. तिला पट्टा जाणवला. चुंबक जवळ आलं की तिचा सूर बदलतो, आणि आपण जुन्याच सुरात हाका मारतोय."

परीक्षक उठले. मी सोडून दिलेला पट्टा हातात घेऊन हिऱ्याजवळ नेला, लांब नेला. ते हलले की नात नवा सूर शोधायची आणि भिंगरी पुन्हा उलटायची.

"अजून मागं व्हा, सर," ती म्हणाली. ते गृहस्थ भिंतीला जाऊन टेकले, पट्टा पाठीमागं लपवून. "आता?"

"आता सूर सापडला."

डोळ्याला न दिसणाऱ्या एका ठिपक्याला माझा गुडघा कळला होता. हाडांच्या दोन डॉक्टरांना कळला नव्हता.

डबा उघडला, तर दही आंबलं होतं. तरी परीक्षकांनी नातीच्या आधी हात पुढं केला.

पट्टा मी तिथंच ठेवून आले. त्या दुपारी नात पास झाली, आणि भिंगरीही.