मंदारच्या मापाची स्नोमोबाइल

मंदार गेला आणि पाच आठवड्यांनी त्याची नवी स्नोमोबाइल घरी आली.

आज माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं. त्याला बर्फानं नेलं नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये हार्ट अटॅक आला. सांगून टाकते, कारण इथे अमेरिकेत, आमच्या बॉथेल गावातली निम्मी मंडळी अजून मला भलत्याच गोष्टीसाठी धीर देतात.

गाडी त्यानं आदल्या वसंतात बुक केली होती. डोंगरातल्या खोल बर्फात चालणारी. डीलरकडे ती उशिरा आली, पण वेगळे मागवलेले पार्ट्स आधीच येऊन गराजमध्ये बसले होते.

उंच रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारा तुकडा. कडक स्प्रिंगा. हलका, पण कान फोडणारा सायलेन्सर.

एकेका पार्टची त्यानं स्थळाची करावी तशी चौकशी केली होती. मला बघायला आला तेव्हा एवढे प्रश्न विचारले नव्हते.

मंदार सहा फूट, पंच्याण्णव किलो.

मी पाच फूट एक इंच, छप्पन्न किलो. आणि वजन मी कमी करून सांगत नाहीये.

दहाव्याला नदीकाठच्या पार्कमध्ये पिंड ठेवला. गुरुजी एका फोनवर, सासूबाई पुण्याहून दुसऱ्या फोनवर.

बॉथेलमध्ये कावळ्यांना तोटा नाही, संध्याकाळी आभाळ काळं होतं. त्या दिवशी एकही पिंडाला शिवेना.

सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी इच्छा राहिलीय त्याची. बोल काहीतरी."

मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "मंदार, तुझी गाडी विकणार नाही. तू निवडलेला प्रत्येक पार्ट लावून चालवीन."

कावळा लगेच उतरला.

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तरी अंगावर काटा आला, आणि त्या शब्दाला मी बांधली गेले.

गाडी आली त्या शनिवारी मी आणि सईनं, आमच्या सोळा वर्षांच्या लेकीनं, सगळे पार्ट लावले. तिला पाना धरायला मंदारनंच शिकवलं होतं. काम चोख झालं.

मार्चमध्ये कॅस्केड्सच्या डोंगरात गेलो. सई आमच्या जुन्या स्नोमोबाइलवर, मी नवीवर.

उतारावरून आडवं जाताना गाडी डोंगराच्या बाजूला कलवून धरावी लागते. माझं हँडल छातीशी, आणि स्प्रिंगा माझ्या वजनाला भीक घालेनात. गाडी कलेचना.

सई मागून "टर्न बॅक" म्हणून ओरडत होती. त्या सायलेन्सरपुढे मला काही ऐकू आलं नाही.

गाडी उताराकडे उलटली आणि माझा पाय खाली अडकला.

सईनं फावड्यानं बर्फ उपसून पाय सोडवला. काही मोडलं नव्हतं. तिनं फावडं बर्फात रोवलं.

"आई, इट्स बिल्ट फॉर बाबा. यू आर नॉट बाबा."

"मी शब्द दिलाय गं त्याला."

"देन सेल इट. चेंज इट ऑर सेल इट. आय कान्ट डिग यू आउट अगेन."

मैत्रिणींनीही तेच सांगितलं. "यार, पोरीचा विचार कर. विकून टाक."

मला विकायची नव्हती. खरं सांगू? बर्फावर मला जेवढं मोकळं वाटतं तेवढं कुठेच वाटत नाही. आणि बदलायची हिंमतही होत नव्हती. उन्हाळाभर गाडी कव्हरखाली पडून राहिली.

नोव्हेंबरमध्ये शेवटी सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. पाय अडकल्याचंही, जे इतके दिवस लपवलं होतं.

त्यांनी वेगळंच विचारलं.

"त्याचे शर्ट काय केलेस?"

"दिले, आई."

"बूट?"

"तेही दिले."

"मग त्या स्प्रिंगांनी काय घोडं मारलंय?"

"पण तुमच्यासमोर शब्द दिला होता ना."

"बोल म्हणून मीच सांगितलं होतं. आता मीच सांगते, मोड. पाप लागलं तर मला लागू दे. माझा मुलगा गेलाय. सईची आई जायला नको."

माझ्या सासूबाई अशा आहेत.

मग मी माझ्यासाठी पार्ट्स निवडले. दुकानातल्या मेकॅनिकनं विचारलं, चालवणाऱ्याचं वजन किती? म्हटलं, एकशे पंचवीस पाउंड, आणि चालवणारी मी आहे.

मऊ स्प्रिंगा घेतल्या. रायझर बुटका, म्हणजे हँडल माझ्या कमरेशी येतं. सायलेन्सर कंपनीचा मूळचाच परत लावला, जड आहे पण शांत आहे. खालून दगड लागू नयेत म्हणून जाड प्लेट बसवली. मंदारला ती फालतू वाटायची. मला वाटत नाही.

गेल्या रविवारी आम्ही त्याच उतारावर गेलो. गाडी पहिल्याच प्रयत्नात कलली आणि मी उतार आडवा पार केला.

"नाइस लाइन, आई!" सई ओरडली, आणि मला ऐकू आलं.

मंदार, आता फक्त तुझ्याशी बोलते.

तुझ्या स्प्रिंगा काढायला मला आठ महिने लागले. सगळ्यांना सांगितलं, शब्द दिला होता म्हणून. ते पूर्ण खरं नव्हतं.

तू आलास तर गाडी तुझ्यासाठी तयार असावी, असं वाटत होतं मला.

शेवटचा बोल्ट सैल झाला तेव्हा कळलं की तू येणार नाहीयेस. गराजच्या फरशीवर बसून पोटभर रडले.

मग उठले आणि माझ्या स्प्रिंगा लावल्या.

सईचा आणि माझा तुला नमस्कार. सुखात राहा रे.