घड्याळवाले काका शाळेत जातात

माझ्या मावशीच्या बालवाडीला दारावर पाटी होती, पण त्या नावानं तिला कोणी ओळखत नसे. सगळे 'ताईंकडे' म्हणत. मुलगी कुठे जाते, असं कोणी विचारलं की 'ताईंकडे', एवढ्यावर भागायचं. एका दुमजली इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणात नळ आणि नळाखाली पत्र्याचा मोठा टब. मी आधी तिथे चार वर्षांची विद्यार्थिनी होते आणि पुढे शिक्षण झाल्यावर मावशीच्या हाताखालची बाई झाले. त्यामुळे त्या खोल्या मला दोन उंचींवरून ठाऊक आहेत. खालून पाहिलं तेव्हा त्या राजवाड्याएवढ्या होत्या. वरून पाहिलं तेव्हा कळलं की पंधरावीस मुलं आत आली की पाय ठेवायला जागा उरत नाही.

सकाळी मुलं यायची, चपला कप्प्यात ठेवायची आणि ज्याला जिथे ओढ असेल तिथे पळायची. एका भिंतीशी लाकडी ठोकळे, खिडकीपाशी बाहुलीघर, दाराजवळ रिकाम्या डब्यांचं दुकान, आणि अंगणात पाणी. मावशी एका बुटक्या स्टुलावर बसून असायची. नवीन पालकांना वाटायचं, या बाई नुसत्या बसून राहतात. पण टबातलं पाणी एका मगातून दुसऱ्यात ओतताना मूल स्वतःशी काय पुटपुटतं, तिकडे तिचा कान असे. 'अजून मावतंय', 'आता सांडलं', 'हा लहान आहे पण उंच आहे.' संध्याकाळी ती मला सांगायची की अमक्याला आज 'जास्त' म्हणजे काय ते कळलं. मला वाटायचं, कळलं असेल, आपल्याला तर त्याचे ओले कपडे तेवढे दिसले.

समोरच्या शिंप्याकडून उरलीसुरली बटणं यायची. मुलं ती आधी रंगानं वेगळी करत, मग दोन भोकांची आणि चार भोकांची, मग कोणाला तरी नवीनच खूळ सुचायचं आणि 'आईच्या स्वेटरसारखी' आणि 'बाबांच्या शर्टसारखी' असे ढीग पडायचे. आवरायची वेळ झाली की मावशी हाका मारत नसे, गाणं म्हणायची. गाणं तिनंच जुळवलेलं होतं:

ठोकळे निघाले घराला,
बाहुली निघाली निजायला,
उरलं कोण, उरलं कोण,
उरलो आपण जेवायला.

'जेवायला' म्हणेपर्यंत खोली निम्मी आवरलेली असायची. मग डबे, मग गोष्ट, मग डोळे मिटून पडणं, त्यात दोघंतिघं खरोखर झोपायची आणि बाकीची झोपेचं सोंग घ्यायची. कोणी चिडलं, मारामारीवर आलं, तर मावशी त्याला ओरडत नसे. हाताला धरून टबाशी नेई आणि म्हणे, जरा पाण्यात हात घाल. पाण्यात हात घालून फार वेळ चिडलेलं राहता येत नाही, असा तिचा अनुभव होता.

तिचे यजमान, म्हणजे माझे काका, घड्याळजी होते. बाजारातल्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, कपाटाएवढं. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेरूनच बोलायचं. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू काढत आणि बसवत. बोलणं मोजकं. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि मला वाटतं काकांना मुलांची थोडी धास्तीच वाटायची. शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरच ते तिथे यायचे, स्टुलावर चढून काम उरकायचे आणि कोणी 'काका, हे काय?' विचारायच्या आत पसार व्हायचे. मावशी हसायची. म्हणायची, आमच्या घरात गोंगाट माझ्या वाट्याला आणि शांतता यांच्या.

एका सकाळी दुकानात काम करताना काकांच्या हातातून चिमटा गळून पडला. उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. शेजारच्या चपलांच्या दुकानदारानं त्यांना दवाखान्यात नेलं आणि मावशीला निरोप पाठवला. अर्धांगाचा झटका होता. जीव वाचला, पण उजवा हात आणि पाय लुळे पडले आणि बोलणं गेलं. सगळं नाही, एक शब्द उरला. 'थांब.' पाणी हवं असलं तरी थांब, खिडकी लावायची असली तरी थांब, आणि नकोसं झालं, पुरे झालं, तरी थांब. कळायचं सगळं, सांगता काही यायचं नाही. ज्या माणसानं जन्मभर शब्द जपून वापरले त्याच्याकडे एकच उरावा, याचं मला फार वाईट वाटायचं. मावशीनं मात्र त्या एका शब्दातले सूर ओळखायला सुरुवात केली होती. हा पाण्याचा थांब, हा पाठ दुखतेय म्हणून, हा नुसताच कंटाळ्याचा.

व्यायाम शिकवायला एक तरुण मुलगी घरी यायची. तिनं रबरी चेंडू दिला होता, हातात धरून दाबायला. काका तो डाव्या हातानं पलंगाखाली भिरकावत. दिवसभर त्यांच्यापाशी बसायला ठेवलेल्या बाईही काही दिवसांत काम सोडून गेल्या. शाळा बंद ठेवणं मावशीला जमण्यासारखं नव्हतं, आणि काकांना एकटं ठेवणं त्याहून नाही. तेव्हा तिनं फारसा विचार न करता, म्हणजे दुसरा इलाजच नव्हता म्हणून, त्यांना रिक्षात बसवलं आणि शाळेत आणलं.

पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून बसले. मुलं जरा बिचकली. मावशीनं त्यांना गोल बसवून सांगितलं की हे काका आजारी होते, त्यांचा एक हात आणि त्यांचे शब्द दमलेत, आता ते रोज येणार आहेत. एका मुलानं विचारलं, "म्हणजे ते नवीन आहेत?" मावशी म्हणाली, "हो, नवीन आहेत."

नवीन म्हटल्यावर मुलांच्या दृष्टीनं प्रश्न मिटला. नवीन आलेला रडतो, कोपऱ्यात बसतो, हे त्यांनी सगळ्यांनी करून झालेलं होतं. वर्गात एक मुलगी होती, तिला आम्ही आपापसात फौजदारीणबाई म्हणायचो. दोन शेंड्या, आवाज खणखणीत, आणि सगळ्या कोपऱ्यांवर तिचं राज्य. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं तिला माहीत होतं, पण वर्गातल्याला कोण 'तुम्ही' म्हणतं?

"रडू नको," ती म्हणाली. "जेवण झालं, गोष्ट झाली की घरी सोडतात."

काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, "थांब."

"थांबलेय," ती म्हणाली आणि खरंच तिथे बसली.

पुढचे काही दिवस असेच गेले. एका आईनं तक्रार केली की आजारी माणूस मुलांत बसवणं बरं दिसत नाही. मावशीनं तिला सकाळभर वर्गात बसून बघायला सांगितलं. ती बसली आणि पुन्हा काही बोलली नाही, पण दुसऱ्या एकांनी मुलाचं नाव काढून नेलं. मावशीनं ते मनाला लावून घेतलं नाही असं ती म्हणायची. मी तिला ओळखते, घेतलं होतं.

फौजदारीणबाईंनी काकांना ठोकळ्यांवर नेमलं. रोज त्यांच्यासमोर ठोकळे आणून ठेवायची आणि हुकूम सोडायची की मनोरा कर. काका डाव्या हातानं रचायचे. ती म्हणायची, दुसऱ्या हाताला पण काम दे, तो नुसता बसलाय. मग ते उजवा हात डाव्यानं उचलून ठोकळ्यावर ठेवत. एके दिवशी त्यांनी उजव्या हातानं एक ठोकळा खरोखर धरला, वर नेला, आणि तो सुटून सगळा मनोरा कोसळला. ज्या हातानं केसाइतकी स्प्रिंग जागेवर बसवली होती त्याला लहान मुलाचा ठोकळा धरवेना. काकांनी डाव्या हातानं उरलेले ठोकळे झाडून फेकले. एक बाहुलीघरावर आदळला. काका 'थांब, थांब, थांब' म्हणत होते, आणि तो कुठला थांब होता ते मावशीलाही कळलं नसावं, कारण ती जागची हलली नाही.

फौजदारीणबाई उठल्या. त्यांनी काकांचा लुळा हात धरला आणि म्हणाल्या, "चल, पाण्यात हात घाल."

काका उठले. ते काठी घेऊन, ती त्यांचा हात धरून, अशी दोघं अंगणात गेली. मी मागोमाग गेले, पडले तर सावरायला. तिनं त्यांना टबाच्या कडेला बुटक्या खुर्चीत बसवलं, त्यांची बाही आपल्या इवल्या हातांनी वर केली आणि दोन्ही हात पाण्यात ठेवले. मग स्वतःचेही घातले. काकांच्या चेहऱ्यावरचे ताठलेले स्नायू सैल होताना मला दिसले. पाण्यात हाताला वजन नसतं. उजव्या हाताची बोटं हलली, एकदा, पुन्हा एकदा. तिनं त्यांच्यासमोर एक मग तरंगत सोडला आणि त्यांनी तो ढकलला. तिनं परत पाठवला. मी वळून आत पाहिलं, तर मावशी आमच्याकडे पाठ करून कपाटातली आधीच नीट लावलेली भांडी पुन्हा लावत होती.

त्या दिवसापासून काकांची सुरुवात पाण्यापासून होऊ लागली. आधी टब, मग बटणं, मग ठोकळे. घरी ज्या चेंडूला ते हात लावत नव्हते, त्याच्या दसपट कष्ट इथे करत होते, कारण इथे तो व्यायाम नव्हता. डब्यांच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं आणि त्याला लाल बटणं हवी असायची.

शब्द आला तो असाच, खेळता खेळता. आवराआवर चालली होती, मुलं गाणं म्हणत होती, आणि 'उरलं कोण, उरलं कोण' नंतर मला एक जाडा, घोगरा आवाज ऐकू आला. काका ठोकळे पेटीत टाकत होते आणि म्हणत होते, "उरलो आपण जेवायला." अख्खी ओळ, एकही अक्षर न अडखळता. त्यांनाच धक्का बसला. गाणं संपल्यावर त्यांनी बोलून पाहिलं, तर पुन्हा 'थांब'. पण मावशीला वाट सापडली होती. दुसऱ्या दिवसापासून आमच्या शाळेत सगळ्यालाच गाणं झालं. पाणी द्या याला गाणं, चप्पल घाला याला गाणं. मुलांची चंगळ झाली. काका आधी गाऊन मागायचे, मग अर्धं गाऊन अर्धं बोलून, आणि पुढे पुढे सूर गळून पडला आणि शब्द राहिले. शेजारचे चपलांचे दुकानदार भेटायला आले तेव्हा काकांनी त्यांच्याकडे गाण्यातच चहा मागितला. त्या भल्या माणसाला हसावं की रडावं कळेना. त्यानं दोन्ही केलं.

मनगटी घड्याळं त्यांना पुन्हा जमली नाहीत. दुकान त्यांनी दुसऱ्या एका कारागिराला चालवायला दिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण तिथले बंद पडलेली गजराची घड्याळं, मोडकी कुलुपं आणि एक मुका रेडिओ त्यांनी शाळेत आणवून घेतला, आणि ठोकळ्यांशेजारी आणखी एक कोपरा तयार झाला. मुलं त्याला 'उघडायचा कोपरा' म्हणत. तिथे मोठे स्क्रू उघडायचे आणि आत काय आहे ते बघायचं. परत बसवता आलं नाही तरी चालायचं. काकांना ते सुरुवातीला अजिबात चालत नव्हतं. उघडलेलं घड्याळ तसंच टाकून घरी जायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. हळूहळू सवय झाली. पुढे एकदा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, एवढी सुधारणा झाली, उपचार कुठे घेतले? काकांनी थोडा वेळ शब्द शोधला आणि सांगितलं, "बालवर्गात. मोठ्या गटात घेत नाहीत अजून."

फौजदारीणबाई वर्ष संपल्यावर मोठ्या शाळेत गेल्या. जाताना त्यांनी काकांना एका नवीन मुलाच्या ताब्यात दिलं आणि त्याला सगळ्या सूचना करून ठेवल्या.

काका त्यानंतर बरीच वर्षं आले. एका सुट्टीत, दुपारी झोपेतच गेले. मावशीनं शाळा ठरल्या दिवशी उघडली, मुलांना गोल बसवून काय झालं ते साध्या शब्दांत सांगितलं, आणि त्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. मग ती अंगणात गेली आणि टब भरायला नळ सोडला. पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिनं शाळा माझ्या हवाली केली. आता तीही नाही. इमारत तीच आहे, टब बदलला आहे.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते मुलं घरी गेल्यानंतरचे त्या दोघांचे चहा. मुलांच्या टेबलाशी, मुलांच्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी घेऊन दोघं बसलेली असायची. काका काही सांगायला लागायचे आणि मध्येच शब्द हरवायचा. तो कुठला शब्द आहे ते मलासुद्धा कळलेलं असायचं, ओठांवर आलेला असायचा. मावशी तो कधी पुरवत नसे. कप हातात धरून, घाई न करता, त्यांच्याकडे बघत बसायची, आणि चहा निवायचा, आणि मग कधीतरी तो शब्द यायचा.