कारणाचा रकाना

आमचे हे जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. एकतीस वर्षं. कागदावर त्यांच्या पदाचं नाव वेगळं आणि लांबलचक आहे, पण ते खुद्द यांनाही एका दमात सांगता येत नाही. डॉक्टर येतात, दोन-तीन वर्षांत बदलून जातात, हे आपले तिथेच. गाय अडली, किंवा वासरू बाहेर येऊनही वार आतच चिकटून राहिली, की लोक डॉक्टरांना सोडून यांना शोधत येतात. हे शर्ट काढणार, हाताला खांद्यापर्यंत साबण चोळणार आणि गाईच्या आत हात घालून डोळे मिटून उभे राहणार. हातमोजे दवाखान्यात खोकी भरून पडलेत. यांनी कधी घातले नाहीत. "मोज्यातून कळत नाही," म्हणायचे, "कुठे चिकटलंय ते बोटांनाच कळतं." मी म्हणायची, "मग जेवताना तरी त्या बोटांना सुट्टी द्या, चमच्याने जेवा." हसायचे नुसते.

दवाखान्यात एक जाडजूड रजिस्टर आहे. जनावराने दिवस भरायच्या आत गाभ टाकला की त्यात नोंद करायची, आणि शेवटचा रकाना कारणाचा. तिथे "कारण समजले नाही" असं लिहिलं की रक्त तपासणीला पाठवावंच लागतं. तपासणीत काही निघालं की वरून माणसं येणार, जनावर वेगळं बांधायला लावणार, दूध बंद, आणि शेजारपाजार त्या गोठ्यावरून जाताना नाकाला पदर लावणार. म्हणून यांच्या आधीच्या कंपाउंडरने यांना पहिल्याच महिन्यात शिकवून ठेवलं होतं, लिहायचं "घसरून पडल्याने". पडण्याला तपासणी लागत नाही.

एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मी ते रजिस्टर चाळलं होतं. पानामागून पान तेच. मी म्हटलं, "अहो, तुमच्या भागातल्या गाईंना चालता येत नाही का हो?" हे म्हणाले, "हळू बोल. लोकांची घरं चालतात त्या दुधावर." दयेपोटीच करत होते. आमचे हे वाईट माणूस नव्हेत, हीच तर सगळी पंचाईत आहे.

मग यांना ताप यायला लागला. संध्याकाळचे पाच वाजले की अंग मोडून यायचं, कंबर धरायची, सकाळी उशीचा अभ्रा पिळून काढावा इतका घाम. चार आठवडे यायचा, चार आठवडे गायब. आमच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांनी आधी मलेरिया म्हटलं, मग टायफॉइड, मग वय झालं म्हटलं. त्यांनी विचारलं, "काम काय करता?" हे म्हणाले, "दवाखान्यात असतो." डॉक्टरांना वाटलं माणसांच्या. "अरे वा, मग तुम्हाला आम्ही काय सांगायचं!" म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. यांनी ती चूक दुरुस्त केली नाही. मीही बाजूच्याच खुर्चीत बसले होते. मला तेव्हा गंमत वाटली होती.

याच सुमारास मुलगी आमच्याकडे राहायला आली. पाचवा महिना, पहिलंच. जावई दोन महिन्यांसाठी कामावर बाहेर गेले होते आणि तिला घरात एकटं ठेवायला नको म्हणून. यांच्या आनंदाला पारावार नव्हता. दवाखान्यामागच्या गोठेवाल्या काकांकडून रोज सकाळी एक किटली दूध यायला लागलं. हे स्वतः आणायचे, कोमट असतानाच तिच्या हातात पेला द्यायचे. "उकळलं की सगळा जीव जातो दुधातला. धारोष्णच घ्यावं." मी दोनदा पातेलं शेगडीवर ठेवलं, दोनदा यांनी उतरवलं. तिलाही आवडायचं. ओठांवर पांढरी मिशी घेऊन बसायची, तीस वर्षांची घोडी.

तीन आठवड्यांनी तीही संध्याकाळी गळून जायला लागली. कंबर दुखते म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, या दिवसांत दुखायचीच. सहावा सरून थोडे दिवस झाले होते, त्या सकाळी तिने मोरीतून मला हाक मारली आणि दुपारपर्यंत पोटातलं बाळ गेलं होतं.

हॉस्पिटलच्या त्या खोलीत हिरवा पडदा होता, त्याच्या दोन कड्या तुटलेल्या. एवढं लख्ख आठवतं. मुलगी गुंगीत होती. डॉक्टरीणबाई फॉर्म घेऊन आल्या. "काही ताप वगैरे होता? कसं झालं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "घसरून पडली. मोरीत."

अगदी सहज म्हणाले. विचार न करता. बाईंनी लिहून घेतलं.

ती पडली नव्हती. मी यांच्याकडे पाहिलं, हे फरशीकडे पाहत होते. मी काही बोलले नाही. का नाही बोलले ते मला आजही सांगता येत नाही. मला फक्त बसायचं होतं. पुढे विहीणबाई आल्या. "मोरी एवढी निसरडी ठेवायची का हो?" म्हणाल्या. मी तेही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी मोरी काथ्याने घासली, दोन तास. कोरडी खडखडीत होती ती आधीपासूनच.

मुलगी गावातच तिच्या घरी परत गेली. तिचा ताप यायचा, जायचा. लोक म्हणायचे, मनाला लागलंय पोरीच्या. मीही म्हणायची. त्या वर्षभरात मी काय काय केलं, विचाराल तर स्वयंपाक केला, कपडे धुतले, यांचे अभ्रे पिळले. रडू आलं नाही एकदाही. शेजारीण म्हणाली, तुम्ही फार धीराच्या. धीर कसला डोंबलाचा! आतून काही येतच नव्हतं.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. "आई, दिवस राहिलेत. तिसरा लागला." मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "आणि आई, ताप परत सुरू झालाय गं. रोज पाचच्या सुमाराला."

मी फोन ठेवला. हे खाटेवर पांघरूण घेऊन बसले होते, दात वाजत होते. घड्याळात सव्वापाच. मी म्हटलं, "तिलाही याच वेळेला येतो."

हे म्हणाले, "ती आपल्याकडे दूध प्यायची, त्या महिन्यात काकांच्या गोठ्यात तीन गाईंनी गाभ टाकला होता."

"आणि तुम्ही रजिस्टरमध्ये काय लिहिलंत?"

यांनी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

"म्हणून दूध यायचं होय फुकटचं," मी म्हटलं. मला संताप यायला हवा होता. भांडी आपटायला हवी होती. ती माझी सवयच आहे, विचारा कुणालाही. पण मी उठले, गॅसवरची भाजी बंद केली आणि यांचा शर्ट आणून दिला. "चला. उद्या सकाळपर्यंतही थांबायचं नाही."

वाटेत तिला घेतलं आणि त्याच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलीला बाहेर बसवून हे आत उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "मॅडम, मागच्या खेपेला ती पडली नव्हती. मी खोटं सांगितलं. तिला ताप होता. न उकळलेलं दूध पीत होती, आजारी गोठ्यातलं. ज्याने गाई गाभ टाकतात आणि दुधातून माणसालाही होतो, त्या ब्रुसेलोसिससाठी तिचं रक्त तपासा. माझंही तपासा, मी एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात आहे." इतकं सलग बोलताना मी यांना कधी ऐकलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात आहात? एकतीस वर्षं? मग तुम्हाला ओळखता आलं नाही?"

"जनावरात लगेच ओळखतो," हे म्हणाले.

दोघांच्याही रक्तात तोच रोग निघाला. माझं स्वच्छ, कारण मी जन्मात चहाशिवाय दूध घेतलं नाही आणि चहा म्हणजे खळखळा उकळलेला. मुलीला पोटातल्या बाळाला चालेल ते औषध दिलं, त्याने लघवी लाल व्हायची आणि ती घाबरून फोन करायची. यांना दोन औषधं, सहा आठवडे, एक दिवसही चुकवायचा नाही. तीन आठवड्यांत यांना बरं वाटायला लागलं आणि गोळ्या सोडायची चिन्हं दिसली. मी पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची आणि तोंड उघडून दाखवायला लावायची. यांनी दवाखान्यात जाऊन काकांच्या गाईंचं रक्तही पाठवलं. सहा गाई निघाल्या. काका आता रस्ता बदलून जातात.

सहावा महिना आला. मी तिच्याकडेच राहायला गेले. तो महिना कसा गेला ते मला विचारू नका, मला माहीत नाही. सातवा गेला, आठवा गेला. मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा, अडीच किलोच्या वर, आणि आवाज असा की अख्ख्या वॉर्डाला कळावं. हे दाराबाहेर उभे होते. आत यायला कुणी बोलावलं नाही आणि हे स्वतःहून आले नाहीत. मला वाटलं होतं आता तरी काहीतरी वाटेल. बाळाला मांडीवर घेतलं, डोकं गरम होतं, बरं वाटलं. तेवढंच.

तिसऱ्या दिवशी ती बाळाला पाजत होती. खोलीत आम्ही दोघीच. खाली बघतच म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या, मागच्या वेळी मी पडले नव्हते."

"नाही पडलीस."

"बाबा बोलले तेव्हा तू तिथेच होतीस?"

"होते."

"गुंगीत मला ऐकू आलं होतं ते. मला वाटलं, पडलेच असेन, आठवत नाहीये." तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "आई, वर्षभर मी मोरीत जाताना भिंतीला धरून जायचे. तुमच्याकडे आले की तिथेही. माझ्या हातून गेलं म्हणून. दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं," मी म्हटलं.