फुगवलेली कास

म्हैस घेताना मी शिंगं, रंग बघत नाही. मागितलेली किंमत आणि रोजचं दूध, लिटरमागे काय पडतं तेवढंच बघतो. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वस्तीवरून खाली उतरलो तेव्हा जवळ दोन शेळ्या होत्या. कापूरहोळच्या ढाब्यांना दूध घालत घालत आज गोठा उभा आहे, तो याच हिशेबावर.

त्यात एकदाच फसलो, तेही सख्ख्या मेहुण्यामुळे. म्हैस त्याने दाखवलेली. माझ्यासमोर धार काढली, बादली भरली. लिटरमागे एवढा कमी भाव बाजारात कुठं नव्हता. घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी दूध निम्म्यावर. आधीच्या वेळची धार न काढता तिची कास फुगवून ठेवली होती. "दाजी, मला काय ठावं?" म्हणाला. तेव्हापासून त्याचं नाव निघालं की माझं डोकं फिरतं.

यंदा मुलीच्या नर्सिंगसाठी साठवलेले पैसे शेअरमध्ये घालायचं ठरवलं. तिची बारावी व्हायला अजून काही वर्षं आहेत. पीई समजायला मला वेळ लागला नाही. शेअरची किंमत भागिले त्या शेअरमागे कंपनीने वर्षात कमावलेला नफा. एक रुपया नफ्यासाठी आपण किती रुपये मोजतो, ते. हा तर आमचा लिटरमागचा भाव! पाइप बनवणाऱ्या दोन कंपन्या शेजारी ठेवल्या. धंदा एकच, पण एकीचा पीई चोवीस, दुसरीचा सात. मी खूश. सगळे पैसे सातवालीत घालायचे.

मोबाईलवर बोट टेकवणार, एवढ्यात भाकरी थापता थापता बायको म्हणाली, "एवढी स्वस्त का देत्यात?"

"लोकांना कळत न्हाई म्हणून."

"माझ्या भावाची म्हस बी अशीच स्वस्त हुती."

"त्याचं नाव काढू नगंस!"

"मी कुठं काढती? रोज जेवताना तुमीच काढता."

मी तडक उठून गोठ्यात गेलो. राग तिथंच शांत होतो. म्हशींच्या कासा बघत उभा राहिलो आणि डोक्यात एकदम चमकलं. एका वर्षाचा नफा म्हणजे एका वेळची धार. मी दुसरी धार बघितलीच नव्हती.

आत येऊन मुलीला म्हणालो, "मागच्या सगळ्या वर्षांचा नफा काढ बघू." तिने काढला. दरवर्षी नफा थोडाथोडका, यंदाच एकदम फुगलेला. खाली बारीक अक्षरात कारण होतं: जुन्या कारखान्याची जमीन विकली, ते पैसे नफ्यात धरले. जमीन काय दरसाल विकता येते? ती रक्कम वजा करून मुलीने पुन्हा भागलं. सातचे बत्तीस झाले. चोवीसवाली मात्र वर्षानुवर्षं सारखंच दूध देत आलेली.

आधी घाम फुटला, मग हसू आलं. पोरीचे पैसे जिथल्या तिथं होते. कित्येक दिवसांनी भाकरी गोड लागली. चोवीसवालीही लगेच घेतली नाही. म्हटलं, अजून दोन-चार धारा बघू.

"मग दिवाळीला भावाला बोलवू का?" बायकोने हळूच विचारलं.

"बोलव," म्हणालो. "पण म्हशीचा विषय मीच काढणार."

"त्ये काय सांगायला पायजे व्हय?" ती म्हणाली, आणि आणखी एक भाकरी ताटात टाकली.