एअरब्रशच्या पाटल्या

पुतणीच्या लग्नात ब्यूटिशियनने तिच्या गालाशी एअरब्रश धरला आणि त्या फुसफुस आवाजासरशी मी थेट नव्वदच्या दशकातल्या मस्कतला, रुवीतल्या फोटो स्टुडिओत जाऊन पोचले.

सासरी पुण्याला पाठवायच्या फोटोत माझे हात ओकेबोके दिसत होते. आखातात येऊन वर्ष झालं तरी बायकोच्या अंगावर सोनं नाही, ही आमच्या ह्यांची केवढी नाचक्की! "हिच्या हातात चार पाटल्या काढा," त्यांनी फर्मावलं.

थिनरच्या उग्र वासात रत्नागिरीचे इब्राहिमभाई फोटोतल्या मनगटांवर एअरब्रशने सोनेरी रंग फवारत होते आणि हे महाशय अक्कल पाजळत होते. "अमेरिकेत हे यंत्र पहिल्यांदा बनलं ते सोनारकामाच्या वर्कशॉपमध्ये, शिवणयंत्राची सुई आणि वाकडा चमचा जोडून. म्हणजे हे सोनारकामच की!"

"ह्या सोन्याला कस्टम पण नाय लागत, साहेब," इब्राहिमभाई म्हणाले. तो टोमणाही ह्यांना कौतुकच वाटला.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "पाटल्या कुठायत गं?" ह्यांनी पेपरात तोंड खुपसलं आणि आतूनच म्हणाले, "तिने माहेरी ठेवल्यात."

सासूबाई शेवटपर्यंत माझ्या आईशी धड बोलल्या नाहीत. तो फोटो अजून हॉलमध्ये आहे, आणि त्याच्याचखाली बसून हा माणूस रोज सकाळी पेपर वाचतो.